लो गिअर

लिलावातली जोंगा कॅम्पातून ओढत आणली
तेव्हा बॉनेटखाली चिमणीचं घरटं होतं.
"हिचं काय करणार?" इरण्णानं विचारलं.
घर, म्हणालो.
तो लेथ बंद न करताच हसला.

तीन वर्षं, उद्यमबागेत, शेडच्या मागं.
मी टर्नर माणूस, मला अंदाज कळत नाही, सूत कळतं.
पलंगाची फळी दोनदा कापली,
पाण्याची टाकी साठ लिटरची,
स्टोव्हला खाच, डब्यांना पट्टा,
छतावर ताडपत्रीची गुंडाळी.
आणि वही.
अथणी, विजापूर, सोलापूर, वर वर वर, काझा.
दिवसाला दोनशे ऐंशी किलोमीटर.
मुक्काम लाल शाईनं,
पंक्चरसाठी राखून ठेवलेले दिवस निळ्या.
रत्नप्रभेलाही एक रकाना होता:
स्वयंपाक, औषधं.

मग डोळ्यांचे डॉक्टर हुद्दार म्हणाले,
काचबिंदू.
समोरचं दिसेल तुम्हाला, बाजूचं नाही.
गाडी सोडा.

मी वहीला रबर लावलं.
गाडीवर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी विटा ठेवल्या.
आठव्या दिवशी विटा एका बाजूला रचलेल्या,
आणि ती सीट पुढं ओढून बसलेली.
चावी द्या.
खाली न बघता हात दुसऱ्या, छोट्या दांड्यावर गेला,
त्याच्याशी माझी कितीदा झटापट झालेली,
आणि जोंगा खडीच्या ढिगावर चढली
म्हशीसारखी, घाई न करता,
आणि पलीकडं उतरली.

कुठं शिकलीस?
"लसीच्या जीपवर. सत्त्याण्णव साली.
हुसेनसाब नदाफचा पाय मोडला,
डब्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला नसता.
मग तो पावसाळाभर मीच."
मला बोलली नाहीस.
"तुमी विचारलासा काय कधी?"

सत्त्याण्णव साली मी डबल पाळी करत होतो.
रात्री ती घरी यायची, पायांना चिखल असायचा.
मला वाटायचं, नर्सबाई आहे, चालतच असणार.

संक्रांत झाली आणि निघालो.
इरण्णानं चाकाखाली लिंबू ठेवलं,
हातात करदंटाची पिशवी दिली, होगि बर्री म्हणाला.
वहीप्रमाणे गाडी उत्तरेला वळायची होती.
ती खानापूरला वळली.
हे वहीत नाही, मी म्हणालो.
"असू दे."

डांबर संपलं.
मग खडी संपली, मग रस्ता म्हणावा असं काही.
ओढ्यापाशी ती थांबली, उतरली,
चपला काढून पाणी मापून आली. गुडघ्याच्या खाली.
"आता चारी चाकं," ती म्हणाली,
मला नाही, त्या चाकांनाच,
अंगणात पोरांना हाक मारावी तसं.
मी डावीकडं बसून कडीला धरलेलो,
तिच्याकडं बघायचं तर
मान पूर्ण वळवावी लागत होती.
वळवली.

वाडीत पहिलं कुत्रं आलं, मग पोरं,
मग एक बाई, नाचणीचं पीठ हाताला तसंच,
तिनं पदर सरकवून दंडावरचा वण दाखवला:
"बाई! गाडी चालवत आलासा परत!"

परत.
पंचवीस वर्षं त्या शब्दाला सगळी वाडी ओळखत होती.
मला कुणी चहा दिला. कुणी विचारलं,
हे कोण, ड्रायव्हर काय?
सगळे हसले. मीही.

रात्री ओढ्याकाठी फळी उघडली.
अंथरूण दोन सूत अपुरं निघालं,
पाय दाराला टेकत होते.
टॉर्च धरून लिहिलं:
पहिला दिवस. ठरलेले दोनशे ऐंशी.
झाले एकसष्ट.
तिच्या रकान्यातला मजकूर खोडला,
काय लिहावं सुचेना, मोकळाच ठेवला.

मला वाटलं झोपली.
"काझाला," अंधारातून आवाज आला,
"लस कशी नेत असतील हो?"
बर्फच बर्फ तिथं, मी म्हणालो, सोपं असेल.
"नाही. गोठली की वाया जाते.
तिथल्या बाया डबा पोटाशी धरत असतील,
ऊब द्यायला."

थोड्या वेळानं पुन्हा:
"उद्या पाच लिटर पाणी कमी भरा.
मागं वजन होतंय."