फुली

तिसऱ्यांदा परत आलं माझं विवरणपत्र.
कारण तेच: हा क्रमांक आधीच वापरलेला आहे.

क्रमांक आर्वोचा. मला तो झोपेतही म्हणता येतो.
टपालानं कार्ड आलं तेव्हा
त्याची नाळ नुकतीच पडली होती,
दोन्ही मी कॉफीच्या एकाच डब्यात ठेवलं.

इशपेमिंगच्या वाचनालयात, तळघरात,
शनिवारी फुकट कर भरून देतात.
टॅसन म्हातारा, जन्मभर खाणीच्या कचेरीत हिशेब लिहिलेला,
पेन्सिल चावत म्हणाला,
"चोरीबिरी काही नाही, बाई.
पोरानं स्वतःच भरलंय, मोबाइलवर,
परतावा लवकर यावा म्हणून.
आणि जिथे विचारतात,
तुम्ही दुसऱ्या कुणावर अवलंबून आहात का,
तिथे त्यानं फुली केलेली नाही."

मी स्कूलबस चालवते.
पहाटे साडेचारला, उणे वीसमध्ये, इंजिन तापवत बसते.
त्याचा फोन, दातांचा विमा,
वसतिगृहाचा अर्ध्याहून मोठा हप्ता,
डिसेंबरातले बर्फाचे टायर
मी कधी एका ओळीत मांडले नव्हते.
टॅसननं मांडायला लावले.
परक्या माणसासमोर पोराच्या जेवणाची बेरीज करताना
कानशिलं तापली माझी.

रात्री फोन केला.
मागे यंत्राची घरघर. हॉटनच्या हॉकी रिंकवर
तो सामना संपल्यावर बर्फ गुळगुळीत करतो,
तासाला तेरा डॉलर.
"आई, मला वाटलं, ते विचारतायत
तू स्वतःच्या पायावर उभा आहेस का."
घरघर थांबली.
"म्हणून मी..."

मला रागवायचं होतं.
पण विसाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं
तर मीही हेच सांगितलं असतं,
आणि बापाच्या ट्रकमधून घरी गेले असते.

रविवारी आला. बूट दारात, बर्फासकट.
दुरुस्तीच्या अर्जाला तीन रकाने:
आधी काय होतं, फरक किती, आता काय आहे.
कमाई नऊ हजार चारशे अठरा.
एवढ्यावर कर बसतच नाही,
तो माझा असो की कुणाचाच नसो.
परतावा तीनशे सहा, तोच,
आणि तो पिझ्झ्यात अन् स्केट्सच्या धारेत केव्हाच संपलेला.
फरकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
शून्य, शून्य, शून्य.
फक्त वर एका चौकटीत फुली.
ती त्यानं जरा जोरातच केली,
कागद फाटता फाटता राहिला.

खाली विचारलं होतं: बदलाचं कारण लिहा.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
शेजारच्या हाइकिनेनबाई फावड्यानं रस्ता मोकळा करत होत्या.
मग लिहिलं:
प्रश्न नीट कळला नव्हता.

माझं विवरणपत्र आता कागदावर जाणार, टपालानं.
टॅसन म्हणतो, उन्हाळा उजाडेल.
पोस्टाचे पैसे आर्वोनं काढले.
मी काढू दिले.