हजेरी

बिस्मार्कच्या सभागृहात
छत्तीस वर्षं मीच पुकारत आले: ट्वेट, हाल्मर.
तोंडाने 'हजर' नाही,
नुसती भुवई उचलायचा.

भांडला एकदाच.
गूस नदीवरच्या एकपदरी पुलासाठी,
जिथे बीटचा ट्रक आणि शाळेची बस
समोरासमोर आली होती.
सात अधिवेशनं विधेयक पडलं.
आठव्यांदा मंजूर झालं तेव्हा
गडी बाहेर बर्फात,
कुणाची तरी गोठलेली गाडी सुरू करून देत होता.

या जानेवारीत त्याचा खण मीच रिकामा केला:
सूर्यफुलाच्या बिया, खोकल्याच्या गोळ्या,
बस-ड्रायव्हरच्या बायकोचं पत्र,
घड्यांवर विरलेलं.

त्या खुर्चीत आता व्हॅलेन नावाची पोर.
चटकन 'हजर' म्हणते.
मी तिच्या कपाळाकडे बघत राहते
आणि पुढचं नाव
घ्यायचं राहून जातं.