पान सतरा

गंगावेशीतल्या छापखान्यात
खासदारांचा पाच वर्षांचा कार्यअहवाल
माझ्या चष्म्याखाली.

प्रश्न विचारले दोनशे बारा.
त्यातले नव्वद एकाच आठवड्यात,
फक्त जिल्ह्याचं नाव बदलून.
मी मोजले. सवय आहे.

पान सतरा, जमीन विधेयक.
बिंदू चौकात कडाडून विरोध,
माईक फाटेपर्यंत.
दिल्लीत, मतदानाच्या रकान्यात : गैरहजर.

बरगेंचा फोन आला,
"ते गैरहजर काढा की ओ.
तिथं फोटो बसवा,
दूधकट्ट्यावरचा, पेला उचललेला."
काढलं. बसवला.
सायबांच्या मिशीवर फेस आहे.

वरच्या ओळीत त्यांनी 'विरोद' लिहिलं होतं.
मी 'द'चा 'ध' केला.

पाच वर्षांत त्या विरोधासाठी
कुणी काही केलं असेल
तर एवढंच.