मालाची वही

किती माणसं पाठवलीस, असं विचारता.
माणसांचा आकडा माझ्याकडे नाही.
किलो सांगते.

सहकारी दुकानाची निळी वही,
चव्वेचाळीसचं पान उघडा, ऑगस्टपासून:
जुनिपरच्या धुरावर धरलेले लेपे.
डॉक्टरीणबाई आणि तिची आई – दोन किलो.
तार्तूचे विद्यार्थी, नावं नकोत म्हणाले – तीन.
बारा वर्षांखालचं मूल अर्धा किलो.
तान्ह्याला वजन नाही,
ते कातडीत धरायचं.

धक्क्यावरचा जर्मन पहारेकरी वही चाळायचा,
म्हणायचा, मासे फार खपतात तुमच्याकडे.
मी म्हणायचे, लढाईत भूक वाढते.
लोण्याचा डबा पोचला की तो बुधवारच्या रात्री
समुद्राकडे पाठ करून पाईप ओढत बसे.
पेट्रोलचं तसं नव्हतं.
पेट्रोल बाटली बाटली करून जमलं,
दुधाच्या कॅनमधून, सरपणाखालून,
एकदा शवपेटीतून;
त्या पेटीमागे रडत चाललेली साल्मे
खरंच रडत होती.
नवरा मार्चमध्ये गेला तिचा,
तेव्हा सवड झाली नव्हती.

किनाऱ्यावर माणसं काय बोलतात, सांगू?
निरोपाचं कुणी बोलत नाही.
एकजण सारखं विचारत होता,
उद्या गाईची धार कोण काढेल.
एकीनं शिवणयंत्र आणलं होतं. यंत्र वाळूत राहिलं,
नुसतं चाक काढून तिनं कोटात घातलं.
नर्स एर्ना पोरांच्या जिभेवर झोपेचे थेंब सोडायची,
मोजताना तिचे ओठ हलायचे,
आणि एखादं पोर तिच्याबरोबर मोजायचं, मोठ्यानं,
तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला.
मग छातीभर पाण्यात उभं राहून होडी ढकलायची.
गाईची धार दुसऱ्या दिवशी मीच काढली.
तिनं लाथ मारली.

तीन-चार दिवसांनी हेल्डुर परतायचा,
काउंटरवर गॉटलंडचा एक पांढरा गोटा ठेवायचा,
शेजारी माशांचे पैसे.
मी 'जमा' लिहायचे. गोटा वजनांच्या पेटीत टाकायचे.
सहा गोटे आहेत.

सातवी खेप साडेएकतीस किलो.
हेल्डुर म्हणाला, होडीला जास्त होतंय.
मी म्हटलं, पुढची होडी नाही.
खरंच नव्हती, दोन दिवसांवर रशियन तोफा होत्या.
तरी ते वाक्य माझं आहे.
शेवटचा अर्धा किलो मीच उचलून आत दिला.
बूट उलट्या पायांत घातले होते.
म्हटलं, तिकडे पोचलीस की बदल.

पहारेकरी गेले, दुसरे आले.
जानेवारीत नव्या राजवटीचा हिशेबनीस आला,
बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर थांबला.
साडेएकतीस किलो माल गेला. पैसे?
उधारी, म्हटलं.
कुणाची?
माझी.
एवढे लेपे एकटीनं खाल्ले?
हो म्हटलं. हसला तो. मीही हसले.

पगारातून कापून घेतले, दहा महिने.
फेब्रुवारीत मी शाळामास्तर फेडला, त्याच्या बहिणीसकट.
पावती मिळाली.
मेमध्ये तो, गाईवाल्याचा भाऊ.
जुलैत पगार उशिरा झाला,
हेल्डुरचा एक किलो दोन महिन्यांत तुटला.
रात्री पावत्या लावून बघायचे. शिक्का बरोबर, तारीख बरोबर.

नोव्हेंबरच्या शेवटी अर्धा किलो उरला.
हिशेबनीस चांगल्या मूडमध्ये होता,
म्हणाला, एवढ्यानं काय होतं, माफ करून टाकतो,
आणि खोडायला पेन्सिल उचलली.
नको, म्हटलं.
वही माझ्याकडे ओढून घेतली,
त्या ओळीपुढे शाईनं लिहिलं:
अर्धा किलो.
येणे बाकी.