हयातीचा दाखला

नोव्हेंबर. देवपुरातलं सेतू केंद्र.
आप्पांचा अंगठा काचेवर
आणि काच म्हणते, जुळत नाही.

बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत
पाने फिरवून गुळगुळीत झालेलं बोट.
पोऱ्या विचारतो, लिंबू चोळलं का?
आप्पा म्हणतात, "चोळं. मी जित्ता शे ना भाऊ,"
जणू प्रश्न तेवढाच आहे.

दोन हजार तीनशे अकरा रुपये.
दिवसभर मी पतसंस्थेत लोकांच्या गड्ड्या मोजते,
ही रक्कम मात्र न मोजता पाठ आहे:
मायच्या खुब्याच्या गोळ्या, महिन्याचं इंजेक्शन,
उरलं तर साक्री रोडच्या डॉक्टरपर्यंत रिक्षा,
फक्त जायची.

उर्वीच्या क्लासलाही असंच यंत्र आहे.
तिचा अंगठा पहिल्या फटक्यात जुळतो,
रेघ न रेघ शाबूत.
लगेच माझ्या मोबाइलवर मेसेज: पाल्य हजर.
हप्ता थकला की त्याच नंबरवरून दुसरा.

हेमकांत रात्री कागद घेऊन बसतो.
अलीकडे तो बेरीज करत नाही,
नुसतं खोडतो.
त्याच्या चपलेचा अंगठा
परवा मी तिसऱ्यांदा शिवून आणला.

"परत ठेवा, काका."
काका ठेवतात. लाल दिवा.
आणि त्या लाल दिव्यात
मी एक हिशेब केला
त्यांच्याशिवायचा.
पेन्शन वजा. गोळ्या वजा. अर्धा लिटर दूध वजा.
दारामागची काठी वजा.
कॅशियरचा हात, मधे थांबत नाही.
टॅली झाला.
पैशाचा फरक नाही.

पोऱ्याने मग मोबाइलच धरला तोंडासमोर.
"इथे बघा. पापणी हलवा."
आप्पांनी डोळे मोठे केले, श्वास धरला,
फोटोवाल्यापुढे मला बसवायचे तसे,
अजिबात न हलता.
"हलवा काका, नाहीतर घेत नाही."
मी समोर जाऊन
माझे डोळे मिटून दाखवले.
तेव्हा कुठे त्यांचे मिटले.

हिरवा. पन्नास रुपये. पावती.

पांझरेच्या पुलावर ते दम खायला थांबले.
"चला, एक वरीसनी कटकट मिटनी."
खिशातून लिंबाची फोड काढली,
कागदात गुंडाळलेली, एका बाजूने काळी.
"फेकू नको. सांजले दायमा पिळी टाक."

मी ती मुठीत धरली.
नोटांच्या कडांनी चिरलेली बोटं
घर येईपर्यंत झोंबत होती.