पाचवं नाव

धनिष्ठाच्या आईचा मेसेज आला रात्री सव्वानऊला,
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते तेव्हा:
"प्रोजेक्ट आमच्या घरी पूर्ण झालं. तुमच्या अन्विताने
काहीच केलं नाही. नाव मात्र टाकलंय."
खाली जोडलेले हात, दोनदा.

काहीच केलं नाही.
हे वाक्य माझं होतं.
महापेच्या चौथ्या मजल्यावर
अकरा वर्षं वापरून
गुळगुळीत झालेलं,
डब्याच्या झाकणावर कोरलेल्या आडनावासारखं.

नितेश वैती सहाला बॅग उचलायचा.
मी दहाला शेवटचा तक्ता लावायचे,
आणि पहिल्या पानावर सहा नावं,
माझं मधेच कुठेतरी.
त्यात एक सुख असतं, खोटं कशाला बोला:
थकल्याचं. बरोबर असल्याचं.
मी ते घणसोलीपर्यंत जपून आणायचे
आणि दारात चपला काढताना
नवऱ्याला ऐकू जाईल इतपत उसासायचे.

आता माझीच पोरगी नितेश निघाली.

समोर बसवलं. विचारलं.
ताटातली मेथी बाजूला सारत म्हणाली,
"मी केलं होतं ना. पाणी मी रंगवलं होतं.
धनिष्ठा म्हणाली, खाडी अशी नसते, निळी असते.
तिने परत रंगवली.
मग म्हणाली, तू फेव्हिकॉल धर."
"मग?"
"मग मी फेव्हिकॉल धरला."
"किती वेळ?"
"तीन शनिवार."

आमच्या गच्चीतून दिसते खाडी.
ओहोटीला तिचा रंग
गाळणीत उरलेल्या चोथ्याचा.
पोरीने तोच लावला असणार.

मग आठवली नितेशची एक्सेल,
पहिल्याच वर्षी, संध्याकाळी पाच बावन्नला आलेली.
दोन रकाने चुकले होते. दोनच.
मी फोन केला नाही.
सगळं पुसून नव्याने मांडलं,
सकाळी वरती पाठवलं त्याच्या नावासकट.
त्याने उघडून पाहिलं असेल
तेव्हा त्यात त्याचं काय उरलं होतं?
सहाला बॅग उचलणं
तिथून सुरू झालं की आधीपासून होतं,
मला नक्की सांगता येत नाही.
(तो आळशी होताच. हेही लिहून ठेवते.
आणि त्या ऋग्वेदने तर फेव्हिकॉलही धरला नाही,
त्याच्या घरी मेसेज गेल्याचं ऐकलं नाही.)

उत्तर लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं, मोठं झालं, खोडलं.
शेवटी "सॉरी" आणि जोडलेले हात.
एकदाच.

शुक्रवारी शाळेत प्रदर्शन.
पुठ्ठ्याच्या काठावर बारा रोहित पक्षी,
एकाच मापाचे, एकाच दिशेला बघणारे,
खाडी टूथपेस्टसारखी निळी.
धनिष्ठा न अडखळता सगळं बोलत होती,
चौदाव्या वर्षी डोळ्यांखाली काळं,
इतर चौघं भिंतीला टेकून,
तिची आई मागे, हाताची घडी,
मी उभी राहते तशीच.
तिला काहीतरी सांगायचं होतं मला.
"छान झालंय," म्हटलं.

अन्विताने बाही ओढली माझी,
खारफुटीच्या मुळाशी बोट दाखवलं,
निळ्याचा ब्रश जिथे पोचला नव्हता
तिथे, नखाएवढा,
चिखल.