बोरूचं बन

एकशे आठ दरोडेखोर, आणि पोशाख एकतीस.
म्हणून तीच माणसं कॅमेऱ्यामागून पळत जातात,
दाढी बदलून पुन्हा येतात.
माझं काम बोरू रोवायचं:
गोतेम्बाजवळ, भाड्यानं घेतलेल्या भातखाचरात,
गुडघाभर गार चिखलात.
हा चीन. पलीकडचा फुजी
चौकटीत येऊ द्यायचा नाही, एवढंच.

मंगळवारी रात्री नऊला
वडील टीव्हीसमोर बसले. एरवी बसत नाहीत.
सरदारानं शीळ घातली,
माझ्या बोरूतून होड्या निघाल्या,
सरकारी शिपाई धपाधप पाण्यात.
आईनं टाळ्या वाजवल्या.

वडिलांची बिअर तशीच. फेस बसला.
"तिकडचा बोरू उंच असतो," म्हणाले,
"घोड्यावरचा माणूसही दिसत नाही."
तिकडचा म्हणजे कुठला, हे आमच्या घरात
सत्तावीस वर्षं कुणी विचारलेलं नाही.
मग जाहिरात लागल्यावर, साबणाच्या गाण्यात:
"आम्ही आधी पेटवायचो.
मग वाट बघायचो, कोण बाहेर येतंय."

आज पहाटे दिग्दर्शक म्हणाला, तोकुझो,
या भागात शिपाई बन जाळणार. रॉकेल आण.
डबा आणला.
काडेपेटी चिखलात पडली म्हणालो.